प्रबंधातलं लग्न

माझा भाऊ डॉक्टर झाला त्या दिवशी आईने अख्ख्या आळीत पेढे वाटले. डॉक्टर म्हणजे पीएचडीचा, सुई टोचणारा नव्हे. मी नगरपालिकेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले आणि डोक्यावरून चादर ओढून पडून राहिले. शेजारच्या जानकीबाई बाहेर आईला म्हणाल्या, "शुभदाला जरा लागलं असेल, नाही का? ती बिचारी मॅट्रिकवरच राहिली." मी चादरीखालून सगळं ऐकत होते. जानकीबाईंचा हा समज मी कधीच दूर केला नाही. त्यांना जे सांगायला हवं होतं ते मी आज इथे सांगते.

वडील गेले तेव्हा मी नोकरीला लागले आणि सुधीरदादा एम.ए.ला गेला. घरात शिकायचं ते मुलाने, हे आधीपासून ठरलेलं होतं. एम.ए. होऊन तो आमच्या भिवंडीतल्याच एका कॉलेजात मराठी शिकवायला लागला आणि तिथून त्याच्या डोक्यात पीएचडी शिरली. विभागप्रमुख निवृत्तीला आले होते आणि त्यांची खुर्ची नावापुढे डॉक्टर लावणाऱ्यालाच मिळणार होती. पीएचडी होईपर्यंत लग्न करायचं नाही, असंही त्याने जाहीर केलं. मुलीकडचे लोक यायचे, पोहे खायचे आणि प्रबंध कुठवर आला ते विचारून जायचे. प्रबंध कुठेच आलेला नसायचा. आई स्वयंपाकघरात डोळे पुसायची आणि दादा चष्मा पुसायचा.

त्याचा विषय होता धवले. वज्रेश्वरीच्या रस्त्याला, अकलोलीच्या अलीकडे जी शेतकऱ्यांची गावं आहेत, त्यांतल्या एका गावात जुन्या पद्धतीची लग्नं धवलारीण लावायची. धवलारीण म्हणजे धवले, लग्नाची गाणी, म्हणून लग्न लावणारी बाई. देवांना बोलवायचं ते गाण्यात, हळद लावायची ती गाण्यात, नवरीला पाटावर बसवायचं ते गाण्यात, आणि शेवटी तांदूळ टाकायचे तेही गाण्यातच. दादा जेवताना हे आम्हाला मोठ्या अभिमानाने सांगायचा, जसं काही त्यानेच शोधून काढलं होतं. "भटजी नाही, होम नाही, सप्तपदी नाही. धवला पुरा झाला की लग्न झालं. शब्दाने लग्न लागतं, कळतंय का तुम्हाला?" आई म्हणायची, "कळतंय. भात घे." गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही.

त्या गावातली एकच मुलगी कॉलेजात यायची. तिचं नाव गोदावरी, घरी गोदू. चिंधू नावाच्या शेतकऱ्याची मुलगी, बारीक चणीची, दोन वेण्या, आणि बोलणं दोन प्रकारचं. घरी हाय-न्हाय आणि कॉलेजात इतकं स्वच्छ, की दादा वर्गात कविता वाचायला तिलाच उभं करायचा. आमच्याकडे ती नेहमी यायची. धवल्यांमधले गावचे शब्द ती दादाला समजावून द्यायची आणि दादा तिला शुद्धलेखन शिकवायचा. तिला बी.ए. करायचं होतं, मग एम.ए. करायचं होतं आणि मग, हे तिने एकदा भाजी निवडताना मला हळूच सांगितलं, कॉलेजात बाई व्हायचं होतं. "ताई, सर वर्गात आले की सगळी उभी राहतात ना, तसं," ती म्हणाली आणि स्वतःच लाजली. मला ती फार आवडायची.

तिच्या वाटेत एकच माणूस उभं होतं, ती म्हणजे तिची आत्या. गावात सगळे तिला आक्का म्हणत. आक्काचा मुलगा नवशा ट्रकवर क्लीनर होता आणि गोदू जन्मली तेव्हापासून आक्काने तिला सून ठरवून टाकलं होतं. चिंधू बहिणीला घाबरायचा, पण मुलीवर त्याचा जीव होता. "पोरगी औंदा पास व्हऊ दे, मंग बघू," असं म्हणून तो दर वर्षी आक्काला परत पाठवायचा. पंधरावीपर्यंत निभलं तर पुढे आपण नोकरीला लागू, मग कोण हात धरतंय, असा गोदूचा हिशोब होता.

शहाऐंशी साली दादाचं काम अडलं. लग्नांत लाउडस्पीकर आले होते, बँड आला होता, शहरातून भटजी यायला लागले होते आणि धवलारणीला फक्त हळदीपुरतं बोलवत होते. दादाने चार लग्नं टेप केली, तर कॅसेटमध्ये नुसता बँड. सगळे धवले पहिल्यापासून शेवटपर्यंत येणारी एकच बाई उरली होती, म्हातारी काशी, आणि तिला दम्याने धरलं होतं. दादा तिच्या ओट्यावर जाऊन बसला. नुसते म्हणून दाखवा, म्हणाला. काशीने पान थुंकलं.

"मांडवान नवरा-नवरी न्हाय, न् धवला कोनासाठी गाव? मी काय भिकारीन हाय?"

दादा घरी आला तो जेवलाच नाही. मग दोन दिवसांनी त्याला युक्ती सुचली. माणूस हुशार होता, हे मी कधीच नाकारलं नाही. नवरा-नवरी पाहिजेत ना, मग बसवू की. मांडव घालू, हळद लावू, काशीला गाऊ दे. टेप झाली की मांडव काढू. नवरी कोण? गोदू. आणि काशीला भलतीसलती जोडी चालणार नव्हती, लग्न होण्यासारखं नातं पाहिजे होतं, म्हणून नवरा नवशा.

मी म्हटलं, "दादा, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? तूच म्हणतोस ना, धवला पुरा झाला की लग्न झालं?"

"अगं, ते त्यांच्या श्रद्धेच्या पातळीवर. हे प्रात्यक्षिक आहे. त्यांनाही माहीत आहे."

"आक्काला माहीत आहे?"

"तू मॅट्रिक आहेस, शुभदा," तो म्हणाला. हे तो भांडणात नेहमी शेवटी म्हणायचा.

गोदूला त्याने आमच्याच घरी विचारलं. ती वेणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "सर, गावात उगाच बोलतील." दादा म्हणाला, "मी आहे ना. आणि हे बघ, हे काम झालं की एम.ए.ची तुझी काळजी माझी." सरांचा शब्द म्हटल्यावर ती हो म्हणाली. ज्याने आपल्याला वर्गात उभं करून कविता वाचायला लावली, त्याला नाही कसं म्हणायचं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

भातझोडणी झाली होती. मार्गशीर्षातला दिवस. मी गेले, कारण माइक धरायला कुणीतरी हवं होतं आणि मला त्या मुलीला एकटीला सोडायचं नव्हतं. चिंधूच्या अंगणात आंब्याचे डहाळे लावून मांडव घातला होता. सुरुवातीला सगळे हसत होते. नवशाने कुणाचा तरी फेटा मागून आणला होता, तो कानावर येत होता. गोदूला हळद लावताना पोरी खिदळत होत्या, गोदूही हसत होती. मग काशी गायला लागली.

तिचा आवाज फाटका होता, मध्येच दम लागायचा, पण ती थांबेना. हळूहळू अंगणातलं हसणं बंद झालं. म्हाताऱ्या बायका घरातून उठून आल्या आणि काशीच्या मागे सूर धरायला लागल्या. कितीतरी वर्षांनी त्यांनी पुरा धवला ऐकला होता. नवरीला सासरी पाठवायचा धवला आला तेव्हा त्यातल्या निम्म्या रडत होत्या. चिंधूही खांबाला टेकून रडत होता. दादा मात्र टेपरेकॉर्डरच्या काट्याकडे बघत होता आणि बायकांना हाताने खूण करत होता, की जरा लांब जाऊन रडा, माइकमध्ये येतंय. पदराची गाठ बांधली, तांदूळ पडले. मी गोदूकडे बघितलं. ती आता हसत नव्हती. ती एकटक दादाकडे बघत होती, त्याने मशीन बंद करण्याची वाट बघत.

"अप्रतिम!" दादा ओरडला. एवढा खूश झाला, की खिशातलं नवं फाउंटन पेन काढून त्याने तिथेच मांडवात गोदूच्या हातात दिलं. आक्का पुढे झाली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सरांनी आहेर केला गो!" मग पंगत बसली. चिंधूने भात आणि मटण केलं होतं. गाव जेवलं, दादा मन लावून दुसऱ्यांदा वाढून घेऊन जेवला.

आठवडा गेला नाही तोच आक्का हिरव्या बांगड्या घेऊन चिंधूच्या दारात उभी राहिली. सून न्यायला आली होती. चिंधू म्हणाला, अगं, तो सरांचा खेळ होता. आक्काने गावच्या चार माणसांना बोलावलं. काशीला विचारलं. काशी म्हणाली, "मी खोटा धवला कवाच गायलो न्हाय. माजा धवला खोटा, तं या गावान माज्या तोंडान लागलेली सगली लगनां खोटी." त्या चार माणसांचीही लग्नं काशीनेच लावली होती. शेवटी चिंधूने एवढंच कबूल करून घेतलं, की ज्यांनी मांडव घातला त्या सरांना येऊ द्या. ते खेळ म्हणाले तर खेळ, लगीन म्हणाले तर लगीन. ते सांगतील ते आक्कानेही मानायचं. पुढचा रविवार ठरला.

हे सगळं सांगायला गोदू एसटीने एकटीच आमच्याकडे आली. तिने आक्काच्या बांगड्या भरल्या नव्हत्या. आईने तिला चहा दिला, तो तिने घेतला नाही.

"सर, तुम्ही फक्त येऊन सांगायचं. बाकी बाबा बघतील. मार्चला परीक्षा आहे, फॉर्म भरलाय मी."

"अगं वेडी आहेस का? एका वाक्याचं तर काम," दादा म्हणाला. आणि तेव्हा तो खरंच बोलत होता, हे मी शपथेवर सांगते. त्याने तिला स्टँडवर सोडलं, खिडकीतून शेंगदाण्यांची पुडीही दिली.

मध्ये गुरुवार आला. गुरुवारी दादा कॅसेट घेऊन त्याच्या गाइडकडे ठाण्याला गेला. डॉ. चिंतामणी वर्तक म्हणून होते, बारीक आवाजात बोलणारे, कुणाला न दुखवता कापणारे. त्यांनी डोळे मिटून पूर्ण कॅसेट ऐकली, वा म्हणाले आणि मग विचारलं, "लग्न कुणाचं?" दादाने मांडवाची युक्ती सांगितली. त्याला वाटलं, शाबासकी मिळेल. वर्तक म्हणाले, "म्हणजे तुम्ही नाटक बसवलंत. नाटकाचं ध्वनिमुद्रण माझ्या विद्यार्थ्याच्या प्रबंधात चालणार नाही. खरं लग्न असेल तर हा प्रबंध वर्षभरात पुरा होतो. नसेल तर दुसरा विषय घ्या."

हे दादाने रात्रीच्या जेवणाला सांगितलं आणि मग पानात बोट फिरवत बसला. आमच्या आळीच्या मागे कापडाचे लूम चालायचे, त्यांची खटखट तेवढी ऐकू येत होती. मला एकदम कळलं तो काय विचार करतोय.

"दादा, नाही हं," मी म्हटलं.

"मी कुठे काय म्हणालो?"

"तू रविवारी जायचं आणि खेळ होता म्हणून सांगायचं."

"शुभदा, काशी किती दिवसांची सोबती आहे? ती गेली की हे सगळं संपलं. एक परंपरा आहे ही. एका माणसाच्या आयुष्यापेक्षा मोठी गोष्ट आहे."

"कुणाच्या एका माणसाच्या? तुझ्या?"

आई म्हणाली, "त्या लोकांत आत्याच्या घरीच देतात मुली. आज ना उद्या तिथेच गेली असती." आई वाईट बाई नव्हती. तिला फक्त सून हवी होती, आणि सून प्रबंधाच्या पलीकडे उभी होती. त्या रात्री मला त्या दोघांचाही इतका राग आला, की मी माझं ताट मोरीत आपटलं. ताटाला पोचा आला, बाकी काही झालं नाही.

रविवारी मी त्याच्याबरोबर गेले. वाटेत त्याने एक शब्द काढला नाही आणि मला वाटलं, त्याचं मन वळलं असेल. चिंधूच्या अंगणात घोंगडी टाकली होती. चार माणसं, आक्का, एका बाजूला नवशा मान खाली घालून, आणि दाराच्या चौकटीत गोदू. दादाला खुर्ची दिली. अख्ख्या गावात ती एकच खुर्ची असावी. चिंधूने हात जोडले आणि विचारलं, "सर, तुमीच सांगा. त्या दिशी झाला तो खेल का लगीन?"

दादाने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"आता असं आहे," तो वर्गात बोलतो तसा बोलायला लागला, "तुमच्या समाजात विवाह धवल्याने सिद्ध होतो. धवला पूर्ण झाला. वधू सज्ञान आहे, वर सज्ञान आहे, दोघे आपल्या पायांनी मांडवात आले. मी बाहेरचा माणूस. तुमच्या परंपरेला खोटं म्हणण्याचा मला काय अधिकार?"

"म्हंजी लगीन?" आक्का म्हणाली.

"लग्न," दादा म्हणाला.

मी उठून उभी राहिले. "खोटं बोलतोय तो!" मी ओरडले. "टेपसाठी केलं होतं सगळं. मीच माइक धरला होता. त्याला त्याच्या पुस्तकासाठी खरं लग्न पाहिजे, म्हणून बोलतोय." माझा आवाज चिरकला. घोंगडीवरच्या म्हाताऱ्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं आणि दादाला विचारलं, "बाई किती शिकल्यात?" दादा परत चष्मा पुसायला लागला. उत्तर आक्काने दिलं. "धावी. गोदूच बोलली व्हती मना." मग म्हातारा चिंधूकडे वळला. "सर कालेजान शिकवतात. त्यांना जास्त कलतं का बाईंना?"

चिंधूने जोडलेले हात खाली घेतले. ज्या शिक्षणासाठी तो बहिणीशी एवढी वर्षं भांडला होता, तेच शिक्षण त्याच्या अंगणात खुर्चीवर बसून बोललं होतं. गोदू चौकटीतून दोन पावलं पुढे आली.

"सर," ती म्हणाली, आणि तिच्या तोंडून कॉलेजातली भाषा आली, "माझी परीक्षा."

"बाहेरून देता येते," दादा म्हणाला. "तुझ्या सासरच्यांनी परवानगी दिली तर अवश्य दे."

आक्काने तिथेच तिचा हात ओढून बांगड्या भरल्या. गोदू रडली नाही, ओरडली नाही, नुसती दादाकडे बघत राहिली. एक बांगडी हातातच पिचली आणि रक्त आलं, ते आक्काने पदराने पुसलं आणि दुसरी भरली.

प्रबंध वर्षभरात पुरा झाला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी हे धवले प्रत्यक्ष विवाहातच मिळाले का, असं आवर्जून विचारलं. दादा म्हणाला, "हो सर. ते जोडपं आजही सुखाने नांदतंय." वर्तकांनी मान डोलावली. दादा विभागप्रमुख झाला आणि त्याच उन्हाळ्यात त्याचं नीलाशी लग्न झालं, ठाण्याच्या हॉलमध्ये, मंगलाष्टकं म्हणून. काशी त्याआधीच गेली होती.

एकोणनव्वद साली प्रबंधाचं पुस्तक निघालं. गावाला एक प्रत द्यायला पाहिजे, असं दादाच्या मनात आलं. नीला बाळंतपणाला माहेरी होती, म्हणून तो मला चल म्हणाला. मी गेले. गोदूला बघायचं होतं. तीन वर्षांत मी दोनदा एकटी गेले होते आणि दोन्ही वेळा आक्काने मला दारातून परत पाठवलं होतं.

ह्या वेळी सरच आले म्हटल्यावर आक्काने चटई टाकली. शेजारची बायामाणसं जमली, चिंधूही धावत आला. गोदू चुलीजवळून उठून आली. कडेवर एक मूल, दुसरं पदराला. वेण्या जाऊन अंबाडा आला होता, गालफडं वर आली होती. ती दादाच्या पाया पडली आणि मग माझ्या. मी तिला उठवलं तेव्हा तिचा दंड माझ्या मुठीत मावला.

दादाने पुस्तक चिंधूच्या हातात दिलं. चिंधूने ते उलटसुलट केलं, कपाळाला लावलं. तो मनापासून खूश होता, ते बघवत नव्हतं. "आमच्या गोदूच्या लगनामुलं सर डाक्टर झालं," तो जमलेल्यांना सांगत होता. मग त्याने पुस्तक तिच्यापुढे धरलं. "वाच गो बाय. आपल्या मांडवाचा काय लिवलाय ता वाच."

"तिला वेळ नाही," मी म्हटलं.

"वाचू दे की," आक्का म्हणाली. "येतंय तिला."

दादाने स्वतः पान काढून दिलं. गोदूने मूल खाली ठेवलं, हात लुगड्याला पुसले आणि उभी राहिली. वर्गात राहायची तशीच. आणि वाचायला लागली.

"प्रस्तुत विवाहातील वधू व वर हे परस्परांस बालपणापासून परिचित होते. उभयतांनी स्वेच्छेने आणि आनंदाने विवाहास संमती दिली होती. पाठवणीच्या धवल्याच्या वेळी वधूच्या मुखावर कृतार्थतेचे भाव अभ्यासकाने प्रत्यक्ष पाहिले."

ती कुठे अडखळली नाही. स्वल्पविरामाला थांबत होती, पूर्णविरामाला श्वास घेत होती, कृतार्थतेतला रफारही नीट लागला. परिच्छेद संपला तसं तिने खालची टीपही वाचली, कारण टीप सोडायची नाही, असं दादानेच तिला शिकवलं होतं. बायका कौतुकाने ऐकत होत्या. त्यांना त्यातलं फारसं कळत नव्हतं, पण आपल्या गावाबद्दल काहीतरी चांगलं छापलंय एवढं कळत होतं. मला वाटत होतं, ही आता थांबेल, पुस्तक फेकेल, दादाच्या तोंडावर मारेल. ती थांबली नाही. पान उलटलं असतं तर तिने तेही वाचलं असतं.

"पुरं आता," आक्का म्हणाली. "भाकऱ्या रायल्यात."

गोदूने पुस्तक मिटून दादाच्या हातात दिलं, मूल उचललं आणि चुलीकडे गेली. मी तिच्या मागे गेले. ती परातीत पीठ ओतत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तर ती म्हणाली, "ताई, तुमी जावा आता. गाडी चुकंल." आणि मान वर केली नाही.

एसटीत दादा खिडकीजवळ बसला. मला वाटलं, आता तरी काही बोलेल, निदान गप्प तरी बसेल.

"बघितलंस?" तो म्हणाला. त्याचा आवाज भरून आला होता. "तू उगाच मला बोलत असतेस. शिक्षण कधी वाया जात नाही. किती स्वच्छ वाचलं पोरीने."

मग कंडक्टर आला आणि दादाने दोन भिवंडी मागितल्या.